ओळखीची नोकरी आणि शिफारशीची अमानत

पदवीचे निकाल लागले की नांदेड-लातूरच्या आपल्या मोहल्ल्यांत एक प्रश्न घरोघरी ऐकू येतो : ‘तिथे आपला कुणी आहे का?’ बँकेत, शाळेत, पुण्याच्या एखाद्या कंपनीत, हैदराबादच्या एखाद्या रुग्णालयात ओळखीचा माणूस आहे का, याचा शोध सुरू होतो. मामा, चुलते, सासरचे नातलग, नगरसेवक अशी नावे निघतात. मशिदीच्या इमामाकडेही चांगल्या वर्तणुकीच्या चिठ्ठीसाठी पालक येतात.

या शोधाकडे पाहण्याच्या दोन टोकाच्या वृत्ती आपल्यात आढळतात. काही धर्मनिष्ठ तरुणांना वाटते की कुणापुढे शब्द टाकणे म्हणजे तवक्कुलला, अल्लाहवरील भरवशाला, बाधा आणणे. नशिबात असेल ते मिळेल, असे म्हणून ते अर्जसुद्धा मनापासून करीत नाहीत. याउलट काही पालकांना वाटते की वशिल्याशिवाय आज काहीच होत नाही. म्हणून जो मार्ग सापडेल तो चोखाळावा, पैसे लागले तर द्यावेत, आणि मुलगा स्थिरावला की हजला जाऊन यावे. पहिली वृत्ती तरुणाला दुबळे करते, दुसरी त्याच्या भाकरीत संशय कालवते. दोन्हींमध्ये एक मूलभूत प्रश्न न विचारताच राहून जातो : ओळखीच्या आधाराने उपजीविका मिळवणे शरीयतच्या दृष्टीने कोठपर्यंत योग्य आहे, आणि ते अन्याय कोठे ठरते?

प्रथम वस्तुस्थिती पाहू. अमेरिकेतील समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला, जो पुढे जगभर अभ्यासला गेला. ओळखीतून नोकरी मिळालेल्या लोकांना त्यांनी विचारले की ती ओळख किती जवळची होती. वारंवार भेटणाऱ्या माणसाकडून नोकरी कळली, असे सांगणारे १७ टक्क्यांच्या आतच होते. उरलेल्यांना ती अधूनमधून किंवा क्वचित भेटणाऱ्या माणसाकडून कळली होती. कारण साधे आहे. आपल्या जवळच्या माणसांना तेच ठाऊक असते जे आपल्याला ठाऊक असते. नवी बातमी दूरच्या ओळखीतून येते.

हे आपल्या भागाला लावून पाहा. निजामाच्या राज्यात मराठवाड्यातील शिकलेल्या मुस्लिमांची ये-जा हैदराबादच्या दफ्तरांत होती आणि कारभाराची भाषा उर्दू होती. १९४८ मध्ये ते राज्य संपले, १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्याला जोडला गेला. दफ्तरे बदलली, भाषा बदलली आणि आजोबांच्या ओळखी नातवाच्या कामी येईनाशा झाल्या. आज देगलूर नाक्यावरील गॅरेजमध्ये किंवा लातूरच्या गंजगोलाईतील दुकानात काम करणारा बाप कष्टाळू असतो, प्रामाणिक असतो. पण त्याच्या वर्तुळात फिरणारी बातमीही गॅरेजची आणि दुकानाची असते. त्याची मुलगी संगणकशास्त्राची पदवी घेते तेव्हा तिला पुढचा दरवाजा दाखवील असे घरात कुणी नसते.

त्यात भेदभावाची भर पडते. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात वृत्तपत्रांतील खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना सारख्या पात्रतेचे अर्ज निरनिराळ्या नावांनी पाठवले होते. उच्चवर्णीय हिंदू नावाच्या तुलनेत मुस्लिम नावाच्या उमेदवाराला पुढे बोलावले जाण्याची शक्यता सुमारे एक तृतीयांश आढळली. म्हणजे हा विषय हौसेचा नाही. ओळख निषिद्ध म्हणावी तर आपली मुले आधीच मागे आहेत ती आणखी मागे पडतील. सर्व काही वैध म्हणावे तर ज्या अन्यायाची आपण तक्रार करतो, तोच अन्याय आपल्या हातून घडेल.

पवित्र कुरआनमध्ये नोकरी शोधणाऱ्या तरुणाचे एक चित्र आले आहे. सूरह कससमध्ये (आयत २३ ते २८) ह. मूसा (अ.) मदयनला पोहोचतात तेव्हा त्यांच्याजवळ घर नाही, काम नाही, ओळखीचे कुणी नाही. विहिरीवर गर्दी आहे आणि दोन मुली आपली जनावरे अडवून बाजूला उभ्या आहेत. मूसा (अ.) त्यांच्या जनावरांना पाणी पाजतात, मोबदला मागत नाहीत, सावलीत जाऊन बसतात आणि आपली गरज केवळ आपल्या पालनकर्त्यापुढे मांडतात. मग बोलावणे येते. त्या मुलींपैकी एक आपल्या वृद्ध पित्याला सुचवते की यांना कामावर ठेवावे, कारण कामावर ठेवण्यास उत्तम तोच, जो समर्थ आणि विश्वासू असतो. पिता कामाची मुदत स्पष्ट ठरवतो : आठ वर्षे, आणि इच्छा असल्यास दहा.

ही शिफारसच आहे आणि कुरआनने ती गौरवाने नोंदवली आहे. पण तिचा आधार पाहा. ना नाते होते, ना पूर्वीची ओळख, ना कुठला उपकार परत मिळण्याची बोली. तिने डोळ्यांनी पाहिलेले दोन गुण सांगितले, सामर्थ्य आणि विश्वासार्हता, आणि निर्णय पित्यावर सोडला. दुसरीकडे मूसा (अ.) यांनी प्रार्थना केली, पण प्रार्थनेआधी हात चालवले होते. तवक्कुल आणि प्रयत्न यांत विरोध मानणाऱ्या तरुणाने या आयतींवर विचार करावा.

ह. यूसुफ (अ.) यांनीही तुरुंगातून सुटणाऱ्या सोबत्याला आपल्या धन्यापाशी आपला उल्लेख करण्यास सांगितले होते. तो विसरला आणि काही वर्षे गेली. पुढे त्याच माणसाला आठवण झाली. यूसुफ (अ.) यांना दरबारी स्थान मात्र मिळाले ते त्यांच्या ज्ञानामुळे आणि निष्कलंकतेमुळे. कोठारांची जबाबदारी मागताना त्यांनी स्वतःविषयी सांगितले ते दोनच गोष्टी : आपण जपणूक करणारे आहोत आणि जाणकार आहोत (सूरह यूसुफ, आयत ५५). गरज असेल तेथे आपली खरी पात्रता मांडणे हा गर्व नव्हे, हे यातून कळते.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. ‘ओळख लावणे’ या एकाच शब्दाखाली आपण तीन वेगळी कामे एकत्र करतो. कुणी बातमी सांगतो. कुणी साक्ष देतो. कुणी दबाव आणतो. तिन्हींचा हुकूम वेगवेगळा आहे.

बातमी सांगणे हे निखळ पुण्यकर्म आहे. मदीनेत ह. साद बिन रबी (रजि.) यांनी आपले मुहाजिर बंधू ह. अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) यांना अर्धी संपत्ती देऊ केली. त्यांनी दुआ दिली, संपत्ती नाकारली आणि एवढेच विचारले की येथे बाजार कुठे आहे. त्यांना बाजार दाखवला गेला आणि पनीर-तुपाच्या व्यापारातून ते स्वावलंबी झाले (सहीह बुखारी). विद्यार्थ्यांनी मागावी ती हीच मदत. ‘मला नोकरी लावा’ असे म्हटले की समोरचा माणूस अवघडतो आणि टाळू लागतो. ‘तुमच्या क्षेत्रात शिरायला काय शिकावे लागते, जागा कधी निघतात, तुम्ही कशी तयारी केली?’ असे विचारले तर बहुतेक माणसे आनंदाने बोलतात. यात कुणाचा हक्क बुडत नाही, मागणाऱ्याचा स्वाभिमानही टिकतो.

साक्ष देण्याचे काम याहून जड आहे. कुणाच्या पात्रतेविषयी मी शब्द देतो तेव्हा मी शहादत देत असतो. सूरह निसाच्या १३५ व्या आयतीत ईमानधारकांना बजावले आहे की न्यायावर ठाम राहा आणि अल्लाहसाठी साक्ष द्या, मग ती स्वतःविरुद्ध, आईवडिलांविरुद्ध किंवा नातेवाइकांविरुद्ध का असेना. बैहकी यांच्या संग्रहात ह. उमर (रजि.) यांची एक रिवायत आहे. एका माणसाविषयी दुसऱ्याने ग्वाही दिली तेव्हा उमर (रजि.) यांनी विचारले की तू त्याचा शेजारी आहेस का, त्याच्याशी दिनार-दिरहमचा व्यवहार केला आहेस का, त्याच्यासोबत प्रवास केला आहेस का? तिन्हींचे उत्तर नाही आले तेव्हा त्यांनी सांगितले की मग तू त्याला ओळखत नाहीस. इमामाच्या चिठ्ठीलाही हाच निकष लागू होतो. एखादा तरुण पहिल्या सफेत नमाज पढतो, एवढे मी लिहू शकतो. तो हिशेबात चोख आहे किंवा वेल्डिंगमध्ये निपुण आहे, हे मला माहीत नसेल तर ते मी कोणत्या अधिकाराने लिहावे?

खरी साक्ष देण्यात मात्र कंजुषी करू नये. गरजवंत आला की प्रेषित मुहम्मद (स.) आपल्या साथीदारांना शिफारस करण्यास सांगत, म्हणजे त्यांना पुण्य लाभेल, निर्णय अल्लाह आपल्या प्रेषिताच्या मुखातून करील, असेही ते सांगत (बुखारी, मुस्लिम). सूरह निसाच्या ८५ व्या आयतीत चांगल्या शिफारशीत वाटा आहे तसाच वाईट शिफारशीतही वाटा आहे, असे सांगितले आहे. शिफारस करणारा हात झटकून मोकळा होत नाही. त्याने ज्याला जागेवर बसवले, त्याच्या बऱ्यावाईटाचा काही भाग त्याच्या खात्यावर लिहिला जातो.

तिसरे काम दबावाचे, आणि हीच वशिल्याची खरी जागा. ह. बरीरा (रजि.) गुलामगिरीतून मुक्त झाल्या तेव्हा पतीसोबत राहावे की नाही, याचा अधिकार त्यांना मिळाला. पती मुगीस दुःखाने रडत फिरत होते, म्हणून प्रेषितांनी (स.) बरीरांना त्यांच्याविषयी सुचवले. बरीरांनी विचारले, हा आदेश आहे काय? नाही, ही केवळ शिफारस आहे, असे कळताच त्यांनी ती मान्य केली नाही आणि प्रेषितांनी त्यांच्यावर नाराजी धरली नाही (बुखारी). विचार करा, ज्यांच्या शब्दासाठी साथीदार प्राण देत, त्यांची शिफारस एका नुकत्याच मुक्त झालेल्या स्त्रीने निर्भयपणे नाकारली. ज्या शिफारशीला ‘नाही’ म्हणता येत नाही, ती शिफारस राहत नाही, ती सक्ती होते. संस्थाचालकाला निवडणुकीची आठवण करून देणारा फोन किंवा नाते तुटेल असे सूचित करणारा निरोप या सक्तीतच मोडतो. मखजूम घराण्यातील स्त्रीच्या चोरीच्या प्रकरणात लाडक्या उसामा (रजि.) यांनी रदबदली केली तेव्हा प्रेषितांनी (स.) ती कठोरपणे फेटाळली. हक्क आणि कायदा यांच्या आड येणाऱ्या शब्दाला प्रेमामुळेही मुभा मिळत नाही.

शिफारशीचा मोबदला घेणे तर याहून गंभीर. शिफारशीबद्दल भेट स्वीकारणारा व्याजाच्या मोठ्या दारात शिरला, या अर्थाची हदीस अबू दाऊदमध्ये ह. अबू उमामा (रजि.) यांच्याकडून आली आहे. लाच देणारा आणि घेणारा या दोघांवरील लानतीची हदीस तर सर्वांना पाठ आहे, तरी ‘डोनेशन’ हा शब्द वापरला की ती आपल्याला आठवत नाही. महाराष्ट्रात २०१९-२० च्या शिक्षक पात्रता परीक्षेत पैसे देऊन निकाल बदलल्याचे पोलीस तपासात उघड झाले आणि २०२२ मध्ये सात हजारांहून अधिक उमेदवारांवर कारवाई झाली. त्यांत सर्व समाजांचे लोक होते. ज्या पालकांनी शेत किंवा दागिने विकून पैसा भरला असेल, त्यांचा पैसाही गेला आणि मुलाचे नावही गेले.

काही जण म्हणतात की स्वतःचा हक्क मिळवण्यासाठी नाइलाजाने पैसे दिले तर फुकहांनी देणाऱ्याला सवलत दिली आहे. ही सवलत सिद्ध झालेल्या हक्काविषयी आहे, जसे मंजूर झालेले निवृत्तिवेतन कुणी अडवून ठेवले. रिक्त जागा हा कुणा एकाचा सिद्ध हक्क नसतो. निवड होईपर्यंत त्या जागेवर सर्व अर्जदारांचा सारखा दावा असतो.

येथेच या प्रश्नाचे मर्म आहे. वशिल्याच्या खोलीत दोघे बसलेले असतात : मागणारा आणि देणारा. दोघेही खूश असतात, म्हणून कुणाचे नुकसान झाले असे त्यांना वाटतच नाही. तिसरा माणूस त्या खोलीत नसतो. ती लोह्याच्या किंवा औशाच्या एखाद्या विधवेची मुलगी असेल, जिचा कुठेही मामा नाही, जिने एस.टी.च्या पासवर पदवी पूर्ण केली आणि जिचे गुण अधिक होते. तिला कधी कळणारही नाही की आपली जागा कुणी घेतली. ती तक्रार करणार नाही, कोर्टात जाणार नाही. पण कयामतच्या दिवशी हक्क मागणाऱ्यांत ती उभी असेल, आणि तेथे मागणाऱ्या-देणाऱ्यांपाशी चुकवायला आपली पुण्यकर्मेच असतील. शिफारस करण्यापूर्वी त्या न दिसणाऱ्या तिसऱ्या माणसाला डोळ्यांपुढे आणावे. तो समोर बसला असता तर हेच शब्द मी उच्चारले असते काय? उत्तर ‘हो’ असेल तर शिफारस निःशंक करावी.

ही कसोटी सर्वांत आधी आपल्याच संस्थांना लावली पाहिजे. शासकीय भरतीत मानवी मर्जीला वाव कमी करण्याचे प्रयत्न झाले आहेत. केंद्र शासनाने १ जानेवारी २०१६ पासून गट ‘क’ आणि अराजपत्रित गट ‘ब’ पदांच्या मुलाखती बंद केल्या, राज्याने शिक्षकभरतीसाठी ‘पवित्र’ प्रणाली आणली. आपल्या अल्पसंख्याक संस्थांना मात्र संविधानाच्या अनुच्छेद ३० मुळे संस्था चालवण्याचे आणि शिक्षक निवडण्याचे स्वातंत्र्य आहे. हे स्वातंत्र्य समाजाच्या मुलांसाठी मिळालेली अमानत आहे, कुणाच्या भाच्या-पुतण्यांची जहागीर नव्हे. अमानती त्यांच्या हक्कदारांना सोपवा, हा सूरह निसाच्या ५८ व्या आयतीतील आदेश आहे. जबाबदारी अपात्राकडे सोपवली जाईल तेव्हा कयामतची वाट पाहा, असा इशारा प्रेषितांनी (स.) दिला आहे (बुखारी). एका अपात्र गणित शिक्षकामुळे तीस वर्षांत किती मुले गणितात कच्ची राहतील, याचा हिशेब संस्थाचालकांनी करावा.

इतर लोक आपल्या मुलांना नाकारतात, मग आम्ही आपल्यांना का सावरू नये, हा प्रश्न वेदनेतून येतो आणि त्याला उत्तर दिले पाहिजे. सावरावे, अवश्य सावरावे. बातमीने, प्रशिक्षणाने, शुल्क भरून, खऱ्या साक्षीने. परंतु एखाद्या समाजाच्या वैराने तुम्हाला न्याय सोडण्यास प्रवृत्त करू नये, हा सूरह माइदाच्या आठव्या आयतीचा आदेश नेमका अशाच प्रसंगासाठी आहे. हिजरतच्या प्रवासात, जेव्हा प्राण पणाला लागले होते, प्रेषितांनी (स.) आणि ह. अबू बकर (रजि.) यांनी वाटाड्या म्हणून जो माणूस मोबदल्यावर ठेवला तो मुस्लिम नव्हता. तो वाटांचा जाणकार होता आणि विश्वासू होता. मदयनच्या त्या मुलीने सांगितलेले तेच दोन गुण येथेही दिसतात.

ज्यांना आधीच वशिल्याने किंवा पैशाने नोकरी मिळाली आहे, त्यांच्या मनात खंत असेल. अनेक मुफ्तींनी स्पष्ट केले आहे की माणूस त्या कामास पात्र असेल आणि ते इमानदारीने करीत असेल तर वेतन त्याच्या श्रमाचा मोबदला म्हणून वैध आहे. लाच किंवा फसवणूक यांचे पाप वेगळे आहे आणि त्यासाठी तौबा आवश्यक आहे. पात्रताच नसेल तर वेतनाचाही प्रश्न उरतो. अशांनी आपले प्रकरण जाणत्या मुफ्तींपुढे मांडावे, आणि आपल्या टेबलापाशी येणाऱ्या पुढच्या गरजवंताला तरी त्याच मार्गाने जाण्यास भाग पाडू नये.

महाविद्यालयीन मुला-मुलींनो, आपल्यासाठी काही गोष्टी. शेवटच्या वर्षाची वाट पाहू नका. आपले प्राध्यापक, दोन-चार वर्षे आधी उत्तीर्ण झालेले विद्यार्थी, बँकेतील अधिकारी, औद्योगिक वसाहतीतील पर्यवेक्षक यांच्याशी ओळख करून घ्या, मग ते कोणत्याही समाजाचे असोत. नवी बातमी मोहल्ल्याच्या बाहेरून येते, हे आपण पाहिले. जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्रात नाव नोंदवा. शिकाऊ उमेदवारीची संधी लहान म्हणून नाकारू नका. ज्याच्याकडून साक्ष हवी, त्याला आधी आपले काम पाहू द्या, मूसा (अ.) यांचे काम विहिरीवर दिसले होते. अर्जात न केलेल्या कामाचा अनुभव लिहू नका. फसवणारा आपल्यातला नाही, ही हदीस कागदावरील फसवणुकीलाही लागू आहे. कुणी मदत नाकारली तर मनात अढी धरू नका. त्याला तो अधिकार आहे, जसा बरीरांना होता. आणि कुठली जागा निघाल्याचे कळले तर ती बातमी लपवू नका. वर्गातील ज्या मुलीला सांगणारे कुणी नाही, तिला आधी सांगा.

नोकरीत स्थिरावलेल्या बंधू-भगिनींनी महिन्यातून एक तास मशिदीत, शाळेत किंवा एखाद्या घरी बसून मुलांना आपल्या क्षेत्राचा बाजार दाखवावा. साद बिन रबी यांच्यासारखी अर्धी संपत्ती देणे आपल्याला जमणार नाही. अब्दुर्रहमान यांनी विचारलेला पत्ता सांगणे तर जमेल.

हे अल्लाह, आमच्या मुलांना समर्थ आणि विश्वासू बनव. आमच्या जिभेवर खरी साक्ष दे, आमच्या घरात हलाल उपजीविका दे, आणि ज्यांचा हक्क आमच्या हातून बुडू शकतो, त्या न दिसणाऱ्या माणसांना आमच्या डोळ्यांपुढे ठेव. आमीन.